खुर्चीत बसलेला माणूस : नजर मोजण्याच्या यंत्रांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

१/
विसावे शतक उंबरठ्यावर होते. अमेरिकेतील वुस्टर येथील क्लार्क विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एक वाचक खुर्चीत बसतो. त्याच्या डोळ्यात बधिरतेच्या औषधाचे थेंब सोडले जातात. मग प्लास्टर ऑफ पॅरिसची एक इवलीशी वाटी थेट त्याच्या बुबुळावर बसवली जाते. वाटीच्या मध्यभागी छिद्र असते आणि त्या छिद्रातून त्याने समोरचा मजकूर वाचायचा असतो. वाटीला जोडलेली काडी त्याच्या डोळ्याची प्रत्येक हालचाल काजळीवर कोरत जाते.

आज हेच काम संगणकाच्या पडद्याखाली ठेवलेली एक पट्टी डोळ्याला स्पर्शही न करता करते. या दोन खुर्च्यांमधील काळाचा हा इतिहास आहे. तो यंत्रांचा आहेच. पण त्याहून अधिक, यंत्रासमोर बसणाऱ्या माणसाला त्यासाठी कसे तयार केले गेले, याचा आहे.

२/
मुळात डोळ्याची हालचाल मोजण्याची गरज का भासली?

माणसाला समोरचे सारे दृश्य एकसारखे स्पष्ट दिसते असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. दृष्टिपटलाच्या मध्यावरील एका लहानशा खळग्यातच बारकावे टिपण्याची क्षमता असते. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढी जागा, साधारण दोन अंश, तेवढीच एका वेळी खरोखर स्पष्ट दिसते. उरलेले जग धूसर असते. म्हणून डोळा सतत जागा बदलतो: क्षणभर थांबतो, उडी मारतो, पुन्हा थांबतो. सेकंदाला साधारण तीन वेळा हे घडते आणि माणसाला त्याचा पत्ताही नसतो. जे स्वतःलाच जाणवत नाही, ते कोणाला विचारून कळणार नाही. ते बाहेरूनच मोजावे लागते.

३/
याची साक्ष घरच्या घरी मिळते. आरशासमोर उभे राहून आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे आणि मग उजव्या डोळ्याकडे पाहिले, तर डोळे हललेले कधीच दिसत नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या व्यक्तीला मात्र ते स्पष्ट दिसतात. उडी चालू असताना आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही आणि मेंदू ती फट बेमालूम बुजवून टाकतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेमंड डॉज यांनी १९०० साली हा मुद्दा मांडला होता. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात हीच हालचाल दिसते, कारण तेथे चित्र किंचित उशिरा उमटते!

४/
या कथेचा आरंभ सहसा पॅरिसचे नेत्रवैद्य लुई एमिल जावाल यांच्यापासून केला जातो. वाचनाच्या शरीरशास्त्रावर त्यांनी १८७८-७९ मध्ये लेखमाला लिहिली. जावाल यांनी वाचकासमोर आरसा ठेवला आणि डोळ्यांच्या उड्या शोधून काढल्या, ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते. पण ती तशी घडलेली नाही. त्यांच्या प्रयोगशाळेत हे काम लामार नावाच्या सहकाऱ्याने केले आणि १८९२ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याची रीत पाहण्याची नव्हती, ऐकण्याची होती. वाचकाच्या पापणीवर एक लहान साधन टेकवायचे, त्याला रबरी नळी जोडायची आणि नळी कानाला लावायची. डोळ्याने उडी मारली की आवाज येई. प्रयोगकर्ता आवाज मोजत बसे.

५/
त्याआधीच, १८७९ मध्ये, एवाल्ड हेरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञानेही पापण्यांवर नळ्या लावून डोळ्यांच्या स्नायूंचे आवाज ऐकले होते आणि वाचताना डोळा थांबत थांबत जातो, हे नोंदवले होते. म्हणजे नजरेच्या अभ्यासाची पहिली साधने स्टेथोस्कोपची भावंडे होती. वाचकाला त्रास जवळपास नव्हताच. मात्र नळीतून ‘उडी झाली’ एवढेच कळे. किती लांब झाली, किती वेळात झाली, डोळा नेमका कोठे थांबला, हे कळत नसे.

जावाल यांच्या आयुष्याचा शेवट चटका लावणारा आहे. काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू गेली आणि १९०० पर्यंत ते पूर्ण अंध झाले. वाचन आणि लेखनाच्या शरीरशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ १९०५ साली प्रकाशित झाला, तेव्हा तो त्यांना स्वतःला वाचता येत नव्हता.

६/
आवाजावरून आलेखाकडे जायचे, तर डोळ्याला काहीतरी जोडणे भाग होते. ती वाट एका औषधाने मोकळी केली. १८८४ साली व्हिएन्नातील कार्ल कोलर यांनी कोकेनच्या द्रावणाने डोळ्याचा पृष्ठभाग बधिर होतो, हे दाखवून दिले. शस्त्रक्रियेसाठी हे वरदान ठरले. आणि मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांनाही डोळ्याला हात लावण्याची मुभा मिळाली.

१८९८ मध्ये एडमंड डेलाबार यांनी डोळ्यावर बसणाऱ्या प्लास्टरच्या टोपीची पद्धत प्रसिद्ध केली. त्याच सुमारास क्लार्क विद्यापीठात एडमंड ह्यूई यांनी वाचनासाठी अशीच रचना उभी केली. पहिल्या परिच्छेदातील खुर्ची ती हीच.

७/
ह्यूई यांची मांडणी कल्पक होती. प्लास्टरच्या पातळ वाटीला एक हलकी पोकळ काडी जोडलेली, काडीच्या टोकाला ॲल्युमिनियमचा चपटा काटा. काटा टेकलेला असे काजळी धरलेल्या कागदाच्या फिरत्या दंडगोलावर. डोळा हलला की काजळीत पांढरी रेघ उमटे. वेळ मोजण्यासाठी काट्यातून ठरावीक अंतराने विजेची ठिणगी सोडली जाई. तिचा ताल एका नादकाट्याने राखलेला असे. प्रत्येक ठिणगी काजळीत एक ठिपका पाडी. ठिपके मोजले की डोळा कोठे किती वेळ थांबला, हे कळे.

एका ओळीच्या वाचनासाठी एवढा खटाटोप! पण त्या रेघेने एक जुनी समजूत मोडली. डोळा अक्षरामागून अक्षर सरकत नाही. ओळीवर तो मोजक्या जागी थांबतो आणि त्या थांब्यांची संख्या शब्दांच्या संख्येपेक्षा कमी असते. पुढे १९०८ साली ह्यूई यांनी वाचनाच्या मानसशास्त्रावर लिहिलेले पुस्तक या क्षेत्रातील आधारग्रंथ ठरले.

८/
या यशाची किंमत कोण मोजत होते, ते विसरता येत नाही. बधिर डोळा, त्यावर वाटी, वाटीचे आणि काडीचे वजन. असे वाचन नेहमीच्या वाचनासारखे असते का, ही शंका तेव्हाच उपस्थित झाली. शिवाय या खुर्चीत कोणीही बसू शकत नव्हते. लहान मूल बसवता येत नव्हते, आजारी माणूस बसवता येत नव्हता. मापन अचूक होते, पण ज्यांचे डोळे मोजले जात होते ते मूठभरच लोक होते: बहुधा स्वतः संशोधक आणि त्यांच्या जवळची मंडळी.

९/
ही कोंडी रेमंड डॉज यांनी फोडली. कनेक्टिकटमधील वेस्लियन विद्यापीठात थॉमस क्लाइन यांच्यासह त्यांनी १९०१ मध्ये एक छायाचित्र-यंत्र सादर केले. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, आरशासारखा चकाकतो. त्यावर पडलेल्या प्रकाशाचे प्रतिबिंब डोळा हलताच सरकते. डॉज आणि क्लाइन यांनी ते प्रतिबिंब एका बारीक फटीतून, संथपणे खाली उतरणाऱ्या छायाचित्र-पट्टीवर पाडले. पट्टी उतरत जाई आणि प्रकाशाचा ठिपका तिच्यावर नजरेची रेघ ओढत जाई.

डोळ्याला काहीही लावायचे नाही, औषध नाही, वजन नाही. सहभागी व्यक्तीने फक्त डोके टेकवून स्थिर ठेवायचे. डोळ्याची उडी सेकंदाच्या काही शतांश भागात संपते, हे अशा नोंदींतून मोजता आले. आजची बहुसंख्य यंत्रे कॉर्नियावरील याच चकाकीच्या आधारे चालतात.

१०/
यंत्र डोळ्यापासून दूर सरकल्याचा पहिला मोठा लाभ १९०८ मध्ये दिसला. मनोविकारतज्ज्ञ ॲलन डिफेनडॉर्फ आणि डॉज यांनी मनोरुग्णांच्या डोळ्यांच्या हालचालींची छायाचित्रे घेतली. ज्यांच्या डोळ्यावर प्लास्टरची वाटी बसवणे अशक्य होते, अशी माणसे आता खुर्चीत बसू शकत होती. ज्या विकाराला पुढे स्किझोफ्रेनिया हे नाव मिळाले, त्याच्या रुग्णांना झोके घेणाऱ्या वस्तूचा नजरेने सलग पाठलाग करणे जड जाते, असे त्यांच्या ध्यानात आले.

हे निरीक्षण पुढे विस्मरणात गेले. १९७३ साली फिलिप होल्झमन आणि सहकाऱ्यांनी ते नव्याने मांडले आणि त्यावर संशोधनाची स्वतंत्र शाखाच उभी राहिली. मधली ६५ वर्षे ते जुन्या अंकांत पडून होते.

११/
दारे उघडली, तसे खुर्चीत बसणारेही बदलले. येल विद्यापीठात चार्ल्स जड यांनी १९०५ मध्ये चलचित्र-कॅमेरा वापरला. मात्र त्यांना खूण म्हणून कॉर्नियावर पांढऱ्या रंगाचा एक कण ठेवावा लागे. पुढे जड शिकागोला गेले. तेथेच गाय बसवेल यांनी चकाकीची पद्धत शाळेपर्यंत नेली. पहिलीच्या मुलांपासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपर्यंत अनेकांच्या वाचनाच्या नोंदी त्यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केल्या. इयत्ता वाढत जाते तसे ओळीवरचे थांबे कमी होतात, मागे वळून पाहणे कमी होते, हे प्रथमच एवढ्या सुसंगतपणे दिसले.

१९३५ मध्ये बसवेल चित्रांकडे वळले. २०० माणसे चित्रे कशी पाहतात, याचा त्यांनी पुस्तकभर अभ्यास मांडला. मूठभरांचा डोळा मागे पडला होता.

१२/
तथापि इतिहास सरळ रेषेत चालत नाही. अधिक अचूकता हवी असणाऱ्यांनी डोळ्याला पुन्हा हात घातला. १९५० च्या सुमारास ब्राउन विद्यापीठात लॉरिन रिग्ज आणि त्यांचे सहकारी, डोळ्यावर घट्ट बसणाऱ्या कॉन्टॅक्ट लेन्सवर छोटा आरसा बसवू लागले. डेलाबार यांनी जेथे अध्यापन केले, तेच हे विद्यापीठ.

हेतू मोठा होता. नजर एका जागी रोखली, तरी डोळा सूक्ष्म थरथरत असतो. ती थरथर निष्प्रभ केली आणि प्रतिमा दृष्टिपटलावर अगदी निश्चल ठेवली, तर काय होईल? उत्तर चकित करणारे होते. प्रतिमा काही क्षणांत विरून जाते. दिसत राहण्यासाठी डोळ्याला हलत राहावे लागते. हे ज्ञान डोळ्यावर लेन्स सोसणाऱ्या माणसांमुळेच हाती आले.

१३/
या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध नाव मॉस्कोचे आल्फ्रेड यार्बुस. त्यांचे रशियन पुस्तक १९६५ साली आणि इंग्रजी अनुवाद १९६७ साली आला. त्यांनी लहान टोप्या बनवल्या, ज्या हवेच्या पोकळीने डोळ्याला चिकटून राहत. टोपीवर इवलासा आरसा. आरशावरून परावर्तित झालेला किरण प्रकाशसंवेदी कागदावर नजरेची वाट रेखाटत असे.

सहभागी व्यक्तीची तयारी आजच्या वाचकाला अस्वस्थ करणारी आहे. डोळा बधिर केला जाई, हनुवटी आणि डोके टेकूत पक्के केले जाई, पापण्या मिटू नयेत म्हणून चिकटपट्ट्यांनी ताणून धरल्या जात. मग टोपी बसे. काम काही मिनिटांतच उरकावे लागे.

१४/
आणि तरीही यार्बुस यांच्या ज्या प्रयोगाने इतिहास घडवला, त्यातील निर्णायक गोष्ट टोपी नव्हती. ती होती शब्दांची.

इल्या रेपिन या रशियन चित्रकाराचे एक चित्र आहे: हद्दपारीतून परतलेला माणूस अचानक घरात पाऊल टाकतो आणि घरचे थबकून पाहत राहतात. यार्बुस यांनी एकाच व्यक्तीला हे चित्र सात वेळा, दर वेळी तीन मिनिटे दाखवले. प्रथम काहीही न सांगता. मग दर वेळी वेगळी सूचना: कुटुंबाची आर्थिक स्थिती कशी असावी? माणसांची वये किती? पाहुणा येण्यापूर्वी घरचे काय करत होते? कपडे लक्षात ठेवा. माणसे आणि वस्तू कोठे आहेत, ते लक्षात ठेवा. हा माणूस किती काळ घरापासून दूर होता?

१५/
सात रेखाटने एकमेकांपेक्षा स्पष्टपणे वेगळी निघाली. वये विचारली तेव्हा नजर चेहऱ्यांवर खिळली. आर्थिक स्थिती विचारली तेव्हा ती कपड्यांवर आणि घरातील वस्तूंवर भटकली. किती काळ दूर होता, हे विचारले तेव्हा ती पाहुण्याच्या चेहऱ्यावरून घरच्यांच्या चेहऱ्यांवर येरझाऱ्या घालू लागली.

चित्र तेच, डोळा तोच. बदलला होता फक्त प्रश्न. प्रयोगाची तयारी म्हणजे केवळ यंत्र जोडणे नव्हे. खुर्चीतील माणसाला काय सांगितले जाते, हाही यंत्राचाच एक भाग असतो. हे प्रसिद्ध निष्कर्ष एकाच व्यक्तीच्या नोंदींवर उभे आहेत, हेही ध्यानात ठेवणे इष्ट.

१६/
प्रयोगशाळेबाहेर वेगळीच धडपड चालू होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पॉल फिट्स आणि सहकाऱ्यांनी कॉकपिटमध्ये कॅमेरा आणि आरसा बसवला. उतरताना वैमानिक कोणत्या तबकडीकडे किती वेळा पाहतात, हे चित्रफितीवर टिपले. वैमानिकाचे डोके बांधता येत नाही, हे उघडच होते. तबकड्यांची मांडणी कशी असावी, हा प्रश्न येथे थेट जिवाशी निगडित होता.

इकडे प्रयोगशाळेत १९६३ साली डेव्हिड रॉबिन्सन यांनी तारेचे वेटोळे असलेली लेन्स डोळ्यावर बसवून चुंबकीय क्षेत्रात तिची दिशा मोजली. १९७३ मध्ये कॉर्न्स्वीट आणि क्रेन यांनी डोळ्यातील दोन प्रतिबिंबांची तुलना करणारे, अत्यंत अचूक यंत्र सादर केले. अशा यंत्रांपुढे डोके हलू नये म्हणून सहभागी व्यक्ती स्वतःच्या दातांच्या ठशाची पट्टी चावून बसे.

१७/
यानंतर व्हिडिओ कॅमेरा आणि संगणक एकत्र आले. आजच्या बहुतेक यंत्रांची रीत अशी: डोळ्यावर अवरक्त प्रकाश टाकायचा, जो माणसाला जवळपास दिसत नाही. कॅमेरा दोन गोष्टी शोधतो: बाहुलीचा मध्य आणि कॉर्नियावरची चकाकी. डोळा वळला की या दोहोंमधील अंतर बदलते. डोके किंचित हलले तर दोन्ही जवळपास एकत्र सरकतात. या एका युक्तीने दातांतली पट्टी गेली. पुष्कळ ठिकाणी हनुवटीचा टेकूही गेला.

१८/
एक गोष्ट मात्र कधीच गेली नाही. ती म्हणजे कॅलिब्रेशन.

यंत्राला बाहुली दिसते; माणूस काय पाहतो आहे, ते दिसत नाही. प्रत्येकाच्या डोळ्याचा आकार निराळा असतो. म्हणून प्रयोगापूर्वी पडद्यावर एकामागून एक बिंदू दाखवले जातात, बहुधा पाच किंवा नऊ, आणि सहभागी व्यक्तीला सांगितले जाते: बिंदूकडे पाहा. ती खरोखर पाहते आहे, असे मानून यंत्र आपले गणित जुळवते. मग दुसऱ्या फेरीत ते गणित पडताळले जाते. अर्ध्या अंशाची चूक किरकोळ वाटते. पण साठ सेंटिमीटर अंतरावर ती पडद्यावर पाच मिलिमीटर होते. बारीक मजकुरात एवढ्यात नजर शेजारच्या अक्षरावर, किंवा वरच्या ओळीवर गेल्याचे दिसते!

१९/
म्हणूनच आजही या खोलीत यंत्रापेक्षा माणसाकडे अधिक लक्ष द्यावे लागते. खुर्चीची उंची, पडद्याचे अंतर, खिडकीतून येणारे ऊन. चष्म्याच्या काचेवर दुसरीच चकाकी उमटते. काजळ किंवा मस्कारा गडद असेल, तर यंत्र त्यालाच बाहुली समजण्याचा संभव असतो. पापण्या झुकलेल्या असतील, तर बाहुली अर्धी झाकली जाते. ज्याचे कॅलिब्रेशन जमत नाही, त्याची नोंद वगळली जाते. ह्यूई यांच्या काळात प्लास्टरच्या वाटीने माणसे गाळली. आज तेच काम अधिक सौम्यपणे होते, पण होते.

भाषांचेही असेच. दीर्घकाळ या क्षेत्रात युरोपीय भाषांचे वाचकच खुर्चीत होते. देवनागरी वाचणाऱ्या डोळ्यांची पाळी उशिरा आली. २०१५ साली समर हुसैन, श्रवण वसिष्ठ आणि नारायणन श्रीनिवासन यांनी हिंदी वाचकांच्या नेत्रहालचालींच्या संग्रहावरील अभ्यास प्रसिद्ध केला. मुंबईत पवईच्या आयआयटीतील पुष्पक भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी, वाक्याचा अनुवाद किती अवघड आहे आणि उपरोध वाचकाच्या ध्यानात येतो की नाही, हे नजरेवरून ताडण्याचे काम केले. मराठी वाचकासाठी या खुर्चीत अजून भरपूर जागा आहे.

२०/
आज याच यंत्राचा आणखी एक सहभागी आहे आणि तो संशोधनासाठी बसलेला नाही. मज्जापेशींच्या आजाराने ज्यांचे हातपाय आणि वाचा गेली, पण डोळे हलतात, अशी माणसे पडद्यावरील अक्षरांवर नजर रोखून शब्द लिहितात. त्यांच्यासमोरही आधी तेच बिंदू येतात: वरचा डावा, वरचा उजवा, मधला. शेजारी बसलेले कोणीतरी धीराने सांगत असते, आता याच्याकडे पाहा. गणित चुकले तर पुन्हा पहिल्या बिंदूपासून सुरुवात. गणित जुळले, की पडद्यावर अक्षरांची पाटी उघडते आणि पहिले अक्षर उमटते.

(समाप्त)
#इतिहास #विज्ञानाचा_इतिहास